मांजराचा श्रावण

मला मांजरं आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून प्रेमळपणाची अपेक्षा ठेवणार नाही. मांजराला काम नसतं, उपकाराची जाणीव नसते आणि आपल्या धुतलेल्या कपड्यांच्या घडीवरच त्याला झोप येते. एवढं असूनही दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका मांजराच्या पिल्लापायी मी शाळेत तीन रजा टाकल्या. मी शाळेत क्लार्क आहे. रजेच्या अर्जात कारण काय लिहू ते सुचेना, शेवटी 'वडिलांची प्रकृती' असं लिहिलं. ते खोटं नव्हतं, हे नंतर कळलं.

पिल्लू बाबांच्या मागून आलं. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी, म्हणजे गटारीला, बाबा भांडुपच्या बाजारातून बांगडे घेऊन येत होते. लिफ्ट बंद होती. चार मजले चढून ते दारात दम खात उभे राहिले, मी पिशवी घ्यायला गेले, तर त्यांच्या चपलेजवळ हे बसलेलं. राखाडी रंग, मुठीएवढा जीव, एका डोळ्याला चिकटा.

"हे काय आणलंत?"

"मी खंय हाडलंय? माझ्या मागसून इला. पिशयेक वास येता ना."

बाबा आता पंच्याहत्तरीच्या पुढचे. गिरणीत होते, गिरणी गेल्यावर वीस वर्षं वॉचमनगिरी केली. मुंबईत साठ वर्षं काढली, पण बोलणं अजून मालवणीच. माझ्याशी तरी तेच बोलतात. बाहेर बोलायचं झालं की जरा इस्त्री केलेलं मराठी काढतात.

त्या दिवशी पिल्लाने बांगड्याची दोन डोकी साफ केली, ताटलीसकट स्वतःला चाटलं आणि बाबांच्या जुन्या बनियनवर झोपून गेलं. मी म्हटलं, उद्या खाली सोडून येते. बाबा म्हणाले, "सोड हां, उद्या सोड." त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं की हे आता आपल्याकडे राहणार.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला.

आमच्या घरचा श्रावण म्हणजे काय ते सांगायला हवं. तो खरा आईचा. महिनाभर मासे नाहीत, अंडं नाही, सोमवारी तर मीठसुद्धा मोजून. बाबा तिच्या हयातीत कधी सरळ पाळायचे नाहीत. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जायचे आणि स्टेशनाबाहेरच्या गाडीवर आम्लेट खाऊन यायचे. आल्यावर आई नुसता त्यांचा उजवा हात धरून नाकाशी न्यायची आणि काही न बोलता पिठलं वाढायची. हा खेळ मी लहानपणापासून बघितला.

आई गेली ती श्रावणातच, पिल्लू यायच्या दोन वर्षं आधी. तेव्हापासून बाबा असे पाळायला लागले की आईने पाहिलं असतं तर हसली असती. गाडीवरचं आम्लेट बंद. घरात लसूणसुद्धा त्यांना चालेना. माझा श्रावण घराच्या उंबऱ्यापुरताच होता, शाळेजवळ मी अंडाभुर्जी खात असे, पण घरात ह्या विषयावर मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी तशी भांडकुदळ. लग्न का केलं नाहीस असं गणपतीत गावी जो कोणी विचारतो, त्याला तिथेच गप्प करते. पण आईनंतर श्रावणाचं नाव निघालं की मी जीभ आवरायचे, कारण त्या महिन्यात बाबा नीट जेवायचे नाहीत, नीट बोलायचे नाहीत, आणि मला भीती वाटायची की आपण एक शब्द जास्त बोलू आणि हा माणूस मोडेल.

तर ह्या घरात मांजर आलं, आणि तेही गटारी साजरी करून.

"आता हा काय खाणार?" मी विचारलं.

"आपण काय खातंव? ताच." बाबा म्हणाले. "पावण्यान घराचे नियम पाळूचे लागतत."

पहिले चार-पाच दिवस मजेत गेले. बाबांनी समोरच्या बांधकामावरून पिशवीभर रेती मागून आणली, जुन्या परातीत पसरली, आणि पिल्लाला दोनदा त्यात नेऊन पंजे उकरून दाखवले. तिसऱ्यांदा ते स्वतः गेलं. बाबांनी मला शाळेत फोन करून ही बातमी दिली. मी दहावीला पास झाले तेव्हा गिरणीत एवढा आनंद झाल्याचं ऐकिवात नाही. कोमट पाण्यात कापूस बुडवून ते त्याचा डोळा पुसायचे, दुपारी बनियनच्या आत घेऊन झोपायचे. त्याला नाव ठेवलं नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो, असं त्यांचं म्हणणं. हाक मारायचे ती "मेल्या" म्हणून. "मेल्या, पडदो सोड." "मेल्या, थंय खंय चढतंस?" घरात पुन्हा कोणीतरी कोणावर तरी ओरडत होतं. मला ते ऐकायला फार बरं वाटायचं, हे मी कबूल करते.

खायला दूधभात. पिल्लाने तो आधी हुंगला, बाबांकडे बघितलं, मग दूध तेवढं प्यायलं. बाबांनी वरणभात तूप घालून दिला. साबुदाण्याची खिचडी दिली. सोमवारी उपासाचा रताळ्याचा कीससुद्धा दिला. ते सगळ्याभोवती एक चक्कर मारून दारापाशी जाऊन बसायचं, कारण समोरच्या काकींकडे बोंबील भाजत असायचे.

समोरच्या काकी म्हणजे आमच्या चाळीपासूनच्या शेजारी. चाळ पाडून बिल्डिंग झाली तेव्हाही आम्ही दोन्ही घरांनी समोरासमोरचीच दारं मागून घेतली होती. ती माणसं बौद्ध, मूळची साताऱ्याकडची. पावसाळ्यात त्यांच्याकडे संध्याकाळी ग्रंथ वाचतात, शेजारपाजारच्या बायका ऐकायला बसतात. श्रावण मात्र त्यांच्याकडे नसतो. आईचं आणि त्यांचं गूळपीठ होतं, वाटी इकडून तिकडे गेली नाही असा दिवस नसे. आई गेल्यानंतर मात्र बाबा त्यांच्याशी तुटक वागायला लागले. समोरासमोर आले की मान खाली घालून कुलूप चाचपायचे. दुःखाने माणूस असा होतो, असं मी धरून चालले होते.

मांजरांच्या खाण्याचं एक पाकीट मी आणून पाहिलं. बाबांनी ते हातात घेतलं, चष्मा लावला, आणि वरच्या चित्रावर बोट ठेवलं. "ह्याच्यार मासो असा."

"अहो बाबा, ते वाळवलेलं असतं, दाणे असतात नुसते..."

"ह्या घरात श्रावण असा."

मी ते पाकीट पर्समध्ये ठेवून दिलं. एकदा जिन्यात नेऊन चार दाणे पिल्लापुढे टाकले. त्याला ते फुटेनात, ते दाण्यांशी खेळत बसलं. शाळेला उशीर होत होता, मी नाद सोडला. तेव्हा मी भांडायला हवं होतं. दाणे भिजवून द्यायची अक्कलही मला त्या वेळी सुचली नाही.

आठवडा झाला आणि पिल्लाला जुलाब सुरू झाले. परातीपर्यंत जायची ताकद राहीना. बाबा हातात फडकं घेऊन मागे मागे. मग त्यांनी देव्हाऱ्याखालच्या खणातून सहाण काढली. त्या सहाणेवर आईने मला गुटी उगाळून दिली होती, नंतर गल्लीतल्या निम्म्या पोरांना दिली होती. बाबांनी तिच्यावर जायफळ उगाळलं, मुरुडशेंगेचे वेढे दिले, आणि दुधात कालवून चमच्याने पिल्लाच्या तोंडात सोडलं. पिल्लू दिवसभर झोपलं. बाबा खूश. "बघितलंस? बाळाक आणि मांजराक फरक काय असता? पोट ता पोट."

दुसऱ्या दिवशी ते उठलंच नाही. म्हणजे डोळे उघडे होते, पण मान उचलत नव्हतं. बाबा त्याच्यापुढे बसून होते. चहा तसाच गार झालेला. "पोटात काय रवत नाय तेच्या," एवढंच म्हणाले. आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आदल्या दिवसापासून ते त्याला 'मेल्या' म्हणत नव्हते. नुसतं "रे" म्हणत होते. "ऊठ रे." "बघ रे हय."

मी त्यांच्याकडे बघितलं. ह्याच महिन्यात, ह्याच खोलीत, असेच ते आईच्या खाटेपाशी बसायचे. हे पिल्लू ह्यांच्या हातात गेलं तर ह्यांना मी कसं सावरणार, हा एकच विचार डोक्यात. मांजर मला आवडत नव्हतंच. पण त्याने जगावं म्हणून मी त्या क्षणी कुठल्याही देवाच्या पाया पडले असते.

रजा टाकली. पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि रिक्षाने मुलुंडच्या जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो. डॉक्टर माझ्याहून लहान मुलगी होती. तिने पिल्लाच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली, खाली बसेना.

"पाणी संपलंय अंगातलं. काय देताय खायला?"

बाबांनी इस्त्रीचं मराठी काढलं आणि अभिमानाने यादी सांगितली. दूधभात, वरणभात, साबुदाणा, गुटी. गुटीत जायफळ म्हटल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठलीच.

"जायफळ? काका, मांजराला ते विष असतं! आणि गाईचं दूध त्याला पचत नाही, जुलाब त्यानेच लागलेत. मासे, चिकन काहीच नाही दिलं?"

"श्रावण आहे ना." बाबा म्हणाले.

तिचा आवाज उतरला. "तुमचा असेल हो. त्याचा नाही. मांजर मांसावरच जगतं, त्याच्या शरीराची घडणच तशी आहे."

"एक महिना तरी..."

"एक आठवडा गेला तर हे असं झालंय."

तिने कातडीखाली सलाईन भरलं. पिल्लाच्या पाठीवर पाण्याचं टेंगूळ आलं. औषध लिहून दिलं, दूध बंद म्हणून बजावलं, आणि सांगितलं: मासा नाहीतर चिकन, बिनमिठाचं उकडून, काटा काढून, बोटभर बोटभर. आज संध्याकाळपर्यंत काही खाल्लं तर वाचेल. नाही खाल्लं तर मी खात्री देत नाही.

येताना रिक्षात बाबा टॉवेल मांडीवर धरून, वरून हाताची ओंजळ करून बसले होते. मी मनात सगळं जुळवलं. काकींकडे मासे असणारच. पिल्लाला महिनाभर त्यांच्याकडे ठेवायचं, म्हणजे बाबांचा श्रावणही राहील आणि पिल्लूही. घरी आल्यावर मी हे बोलून दाखवलं. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल.

"त्यांच्याकडे नको," बाबा म्हणाले. "माका तोंड नाय."

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. त्यांनी पिल्लाला माझ्या मांडीवर ठेवलं, खुंटीवरची पिशवी घेतली आणि पायात चपला सरकवून निघून गेले.

अर्ध्या तासाने आले ते तीन बांगडे घेऊन. श्रावणात, आईच्या घरात. कोळणीने विचारलं म्हणे, काका, तुमचा श्रावण ना? हे म्हणाले, मांजरासाठी हवेत. ती म्हणाली, ह्या महिन्यात सगळे बाप्ये मांजरासाठीच नेतात. एरवी बाबा हे सांगताना हसले असते. त्या दिवशी सरळ बातमी दिल्यासारखं सांगितलं आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

माळ्यावर आईचा आडाळो होता, मासे कापायची तिची विळी. ती गेल्यावर जुन्या लुंगीत बांधून वर टाकला होता. दोन वर्षं आम्ही मासे बाजारातूनच कापून आणत होतो. त्या दिवशीही कोळणीने कापून दिले असते, पण सांगायचं ह्यांना सुचलं नाही. पातं गंजलेलं. बाबांनी ते मोरीत तारेच्या घासणीने घासलं, मग स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पाट पायाखाली दाबला. आई बसायची तसं. आयुष्यात कधी मासा कापलेला नाही. पहिल्या बांगड्याचं त्यांनी पार वाटोळं केलं.

"बाबा, मी करते."

"थांब." ते खाली बघतच बोलायला लागले. "तुझ्या आवशीन बांगडो मागितल्यान हुतो."

मी पिल्लाला घेऊन ओट्याला टेकले.

"शेवटच्या आठवड्यात. तू शाळेत हुतंस. माका नाय सांगल्यान. तिका म्हायत हुता मी काय बोलतलंय ता. समोरच्यांका सांगल्यान. त्यांनी डबो करून हाडलो." त्यांनी दुसरा बांगडा उचलला. "मी दारातच परत दिलंय. म्हटलंय, इतकी वर्सा पाळल्यान, आता मोडूक नको. मोडलो तर देव बघीत आणि ही वाचाची नाय."

दुसऱ्या बांगड्याचं डोकं त्यांनी वेगळं केलं.

"तरीपण वाचूक नाय," बाबा म्हणाले. "आणि भुकेलीच गेली."

मला रडू आलं आणि रागही आला. रागच आधी आला, खरं सांगते. दोन वर्षं हा माणूस हे पोटात घेऊन फिरत होता आणि मी त्याला भाविक समजत होते. पण जमिनीवर बसलेले, हाताला रक्त आणि खवले लागलेले, असे ते बघितले आणि राग कुठे ठेवायचा तेच समजेना. मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "तुम्ही तिला वाचवायलाच बघत होतात ना."

"व्हय," ते म्हणाले. "पण विचारूक नाय तिका."

एक तुकडा त्यांनी बिनमिठाचा उकडला. काटे काढून, बोटांनी चुरून, बोटावर घेऊन पिल्लाच्या नाकापाशी धरला. काही नाही. पुन्हा धरला. मग त्याच्या मिशा हलल्या. जीभ बाहेर आली, बोटाला लागली, परत आत गेली. तिसऱ्या वेळी त्याने बोट असं पकडलं की बाबा ओरडलेच. "आयाय! खा मेल्या, खा!"

दर तासाला बोटभर, असं करत संध्याकाळपर्यंत त्याने अर्धा तुकडा खाल्ला आणि उठून बसलं. आज तो सहा किलोचा बोका आहे, हे लिहिताना माझ्या घडी घातलेल्या साड्यांवर लोळतोय, आणि मला तो अजूनही फारसा आवडत नाही.

उरलेल्या बांगड्यांचं काय करायचं, असं मी विचारलं. बाबांनी नारळ फोडला. आईला बघून बघून जेवढं येत होतं तेवढं वाटण केलं. आमटी झाली. स्वतः चाखली नाही, श्रावण होता. आईचा पितळी कडीचा डबा काढला, त्यात सगळी ओतली, घट्ट झाकण लावलं, शर्टाची बटणं लावली आणि मलाही सोबत बोलावलं, "चल वांगडा."

काकींनी दार उघडलं. डबा बघितला, बाबांकडे बघितलं. बाबांनी काहीतरी पाठ केलं असावं, ते त्यांना आठवेना. त्यांनी डबा पुढे केला. "तेव्हा मी परत दिला होता."

काकींनी तो दोन्ही हातांनी घेतला. "दादा, मी तेव्हाही मनाला लावून घेतलं नव्हतं. तुमची काय अवस्था होती, ते आम्हाला दिसत नव्हतं का?" मग तिथेच झाकण उघडून त्यांनी वास घेतला, बोटाने चाखलं. "चांगलं झालंय. बांगड्याला तिरफळं नाही टाकली?"

"संपली. हिची आईच आणायची गावाहून."

"थांबा."

त्या आत गेल्या. बरण्या सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागदाची छोटी पुडी होती, कॅलेंडरच्या पानाची. "डबा करायला सांगितला तेव्हा तिनेच दिली होती ही, उशाखालून काढून. म्हणाली, चार घाल, ठेचून, बी काढून. मी चारच घातली. उरलेली आमच्यात कोणी खात नाही. टाकवतही नव्हती."

बाबांनी पुडी तळहातावर घेतली. टोक दोनदा आत खोचायची आईची सवय होती, काकींनी ती पुन्हा तशीच खोचून ठेवली होती. त्यांनी ती उघडली नाही. शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात दाबून धरला. काकी रडत होत्या, मी रडत होते.

मग ते वळले. "चल गो," म्हणाले, "मांजर एकटाच असा घरात."